हुकूम आणि अंतःकरण

जर्मनी देशात त्सेले नगराजवळ वीनहाउझेन येथे स्त्रियांचा एक मठ आहे. तो १२३० सालाच्या सुमारास स्थापन झाला. सोळाव्या शतकात ड्यूक एर्न्स्ट याने तेथे लूथरमत आणण्यासाठी मठाच्या काही इमारती पाडविल्या; तरी मठवासिनींनी पुष्कळ वर्षे ते पत्करिले नाही. पुढे कालांतराने तेथे लूथरपंथी भगिनींचा समाज नांदू लागला, तो आजही आहे. १९५३ साली प्रार्थनास्थानाच्या फळ्यांखाली चौदाव्या शतकातील चष्मे सापडले. दृष्टी मंदावली तरी त्या स्त्रियांनी वाचन सोडिले नव्हते.

आमच्याही घरी एखादी वृद्ध माता जुनी चाल सोडीत नाही. तिजवर आम्ही सक्ती करू नये, तिची भक्ती तुच्छ मानू नये. हुकुमाने भिंत पडते. अंतःकरण प्रीतीनेच वळते. प्रभू आम्हांस धीर देवो. आमेन.