कासवीची नजर

कासवी आपल्या पिलांना पाजत नाही, भरवत नाही; नुसत्या नजरेने पोसते, असे आपले संत सांगत आले. देव भक्ताला सांभाळतो तोही असाच. निसर्गातली कासवी मात्र एवढेही करत नाही. मागच्या पायांनी ती खळगा उकरते, अंडी घालते, वर माती लोटते आणि निघून जाते. पुढचे सारे मातीच्या उबेवर. पिलू नर होणार की मादी, हेसुद्धा कित्येक जातींत ती ऊबच ठरवते. पिलू वर येते तेव्हा आई नसते. झुडपाची सावली, दगडाखालची फट आणि थोडी ओल एवढेच त्याच्या वाट्याला येते. संतांची ती प्रतिमा मला म्हणूनच कासवीपेक्षा कासव पाळणाऱ्या माणसाची वाटते. हात आवरून आणि लक्ष न ढळू देता सांभाळणे, हे त्याला शिकायचे असते.

युरोपात अनेक घरांत हर्मनचे कासव पाळतात. भूमध्य समुद्राकाठच्या झुडपी रानातली ही जात. तिचे पिलू नव्या पेटीत ठेवले की बहुधा ते एका कोपऱ्यात माती उकरून दडून बसते, नाहीतर भिंतीच्या कडेकडेने फिरत राहते. भिंत काचेची असेल तर त्याची दमछाक ठरलेली. पलीकडचे दिसते आणि तिथे जाता येत नाही, हे त्याला उमगत नाही. अनुभवी माणसे म्हणून काचेचा खालचा भाग झाकतात आणि पेटीत दडायला एकाहून अधिक जागा करतात. माणसाला हे विचित्र वाटते. दिसावे म्हणून आणलेला जीव आपणच झाकायचा? पण लपता येते अशी खात्री पटल्याशिवाय ते पिलू उघड्यावर येत नाही.

कासव आपले घर पाठीवर घेऊन हिंडते, असे आपण सहज म्हणतो. मग ते कुठेही ठेवले तरी काय बिघडले? पण कवच हे त्याचे घर नव्हे, शरीर आहे. बरगड्या आणि पाठीचा कणा त्यात जुळलेले असतात. घर बाहेरच असते, आणि ते कसे आहे याची नोंद कवचावर उमटते. पेटीच्या एका टोकाला दिव्याखाली 30 ते 35 अंश सेल्सिअसची ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा हवा, म्हणजे आपले तापमान पिलाला स्वतः निवडता येते. अतिनील किरण मिळाले नाहीत तर कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ राहते. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन तिथे कामाचे नसते. ओलीचे महत्त्व तर फार उशिरा कळले. पाळलेल्या पिलांच्या पाठीवर टेंगळे येतात त्याचा दोष बराच काळ प्रथिनांच्या आहारावर ठेवला जाई. व्हिएन्नातल्या संशोधकांनी 2003 साली आफ्रिकेतल्या रुक्ष प्रदेशातल्या कासवांची पिले वाढवून दाखवून दिले, की आहारापेक्षा कोरडी हवाच त्याला अधिक कारण होते. रखरखीत मुलखातले पिलूही बिळातल्या दमट गारव्यात वाढते, हे ध्यानात न घेता आपण त्याला वाळवंटातले समजून कोरडे ठेवत होतो.

जागा बदलली की कासवाचे काय होते, हे इंग्लंडमधल्या गिल्बर्ट व्हाइट या धर्मोपदेशकाने नीट टिपून ठेवले आहे. काकूच्या निधनानंतर 1780 च्या मार्चमध्ये त्याने तिचे टिमोथी नावाचे वयस्क कासव ससेक्समधल्या रिंगमरहून आपल्या सेलबोर्न गावी आणले. थंडीच्या निद्रेतून उकरून काढल्यावर ते रागाने फुसफुसले. घोडागाडीच्या ऐंशी मैलांच्या खडखडाटाने पुरते जागे झालेले ते कासव बागेत सोडल्यावर दोनदा पार टोकापर्यंत चालत गेले, आणि संध्याकाळी गारठा पडताच भुसभुशीत मातीत पुन्हा गडप झाले. व्हाइटने त्याला पुन्हा उकरले नाही. नंतर पत्र लिहिले, त्यात ते अजून मातीतच असल्याचे कळवले. नवी जागा पाहायची किती आणि डोळे मिटायचे कधी, हे त्या कासवाने ठरवले. व्हाइटचे मोठेपण त्या थांबण्यात आहे.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाचे लक्षण म्हणून अवयव आत ओढून घेणारे कासव येते. ज्ञानेश्वरांनी त्या दृष्टान्ताची दुसरी बाजूही पाहिली: तेच कासव प्रसन्न असले की अवयव पसरते, आणि आवरते तेही स्वतःच्या इच्छेने. रुळलेले पिलू असेच ओळखावे. सकाळी ते आपणहून उबेच्या जागी येते, मान लांबवते, पाय सैल सोडून अंग पसरते. अंग तापले की पाल्याकडे वळते आणि रात्री ठरल्या कोपऱ्यात शिरते. हे पसरणे कुणाला करवून घेता येत नाही. रोज उचलून पाहणाऱ्या, दर आठवड्याला पेटीची मांडणी बदलणाऱ्या हाताखाली ते लांबतच जाते. ठरल्या वेळी दिवा, ठरल्या जागी पाला, कोमट उथळ पाणी, अधूनमधून वजनाची नोंद, आणि बाकी वेळ लांबून पाहणे, एवढेच आपल्या हाती असते.

रुळायला किती काळ लागतो याचा अंदाज आपण फार कमी धरतो. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनात गोफर कासवे नव्या रानात सोडताना काहींना त्याच जागी आधी 9 ते 12 महिने कुंपणात ठेवले होते. तसे न ठेवलेली कासवे दूर भटकली. कुंपणात राहिलेली बरीचशी तिथेच टिकली. 2005 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठ्या कासवाला आपली जमीन ओळखायला ऋतुचक्र पुरे व्हावे लागते, तर पिलाने चार दिवसांत हातावर येऊन खावे ही घाई कशासाठी?

आपल्याकडे हा विचार आणखी पुढे न्यायला हवा. शुभ म्हणून घरात ठेवले जाणारे स्टार कासव रानातून उचललेले असते. ते ठेवणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर ही जात अनुसूची 1 मध्ये आहे. माणसाच्या देखरेखीत जन्मलेल्या पिलाला त्याची जागा मिळवून देणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्यच. रानातल्या पिलाला मात्र ती जागा जन्मतःच मिळालेली असते. त्याच्यावर खरे प्रेम असेल त्याने ते घरी आणू नये. ते ज्या माळावर आणि खुरट्या झुडपांत वाढते, ती पडीक म्हणून गिळली जाणारी जमीन वाचवावी.