हो, नाही आणि बघू

आमच्या शहापुरात तोंडावर 'नाही' म्हणायची पद्धत नाही. उसने पैसे मागा, स्थळ सुचवा, सत्यनारायणाला बोलवा. उत्तर एकच, 'बघू'. त्यामुळे सारं जग ० आणि १ वर चालतं असं आसनगावहून रोज लोकल पकडणारा माझा भाचा सांगतो, तेव्हा मला त्याचं काही वाटत नसे. लघु-गुरूच्या दोन खुणांवर अख्खी वृत्तं आम्हीही शाळेत मोजली. यमाताराजभानसलगा घोकून कोणी कॉम्प्युटर इंजिनिअर झालं नाही.

पण परवा त्याने हॅस्केल नावाच्या भाषेतली करामत दाखवली. भाषा १९९० सालची, नाव एका अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाचं. तिच्यापुढे ११०१ अशी नुसती अक्षरं टाकायची आणि तिने संख्या ओळखायची. डावीकडून एकेक अंक घ्यायचा, आधीचं दुप्पट करायचं, नवा अंक मिळवायचा. १, मग ३, मग ६, मग १३. शून्य आलं तरी मागचं दुप्पट होतं, हे मला फार आवडलं. (आमच्याकडे मुलाला एकदा शून्य मिळालं की मागचे मार्कही कोणाला आठवत नाहीत.)

"आणि मधेच २ आला तर?"

"तसं लिहिलं असेल तर ती 'नथिंग' म्हणते, मामा."

"म्हणजे शून्यच की!"

"छे! शून्य हे उत्तर झालं. नथिंग म्हणजे उत्तरच नाही. असं उत्तर देणाऱ्या प्रकाराला 'मेबी' म्हणतात."

म्हणजे आमचं 'बघू'च! पण आमचं 'बघू' नकार झाकायला असतं. तिचं 'मेबी' पुढच्याला उघडून बघावंच लागतं. शून्य समजून बेरजेत ढकलता येत नाही.

तेव्हापासून एक फॉर्म डोक्यातून जात नाही. तानसा, भातसा आमच्याच तालुक्यात. पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर येतो. अशाच एका पाड्यावर एक पोरगा दारोदार विचारत होता, 'नळ आहे? हो की नाही?' म्हातारी म्हणाली, नळ हाय, पानी नाय. आता काय लिहावं? 'हो' खोटं नाही, 'नाही'ही खोटं नाही, आणि कोरं ठेवलं तर वरचे शून्य धरणार. पोराला मी दोष देणार नाही. दोनच चौकोन छापणाऱ्याला देईन. त्याने 'हो'वर खूण केली. कुठेतरी एकाची बेरीज वाढली.

म्हातारी शांतपणे म्हणाली, "काय लिवायचं ते लिव बाबा. टँकर कवा येल, तेवढं सांग."

"बघू," तो म्हणाला.