दोन टेबलांमधली जागा

पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस शाखेचं प्रकरण फेब्रुवारी २०१८ मध्ये बाहेर आलं, तेव्हा चर्चा रंगली ती जवाहिरा नीरव मोदी याच्या हिऱ्यांची आणि त्याच्या परदेशी दुकानांची. घोटाळ्याचा सुरुवातीचा आकडा सुमारे ११,४०० कोटींचा होता, पुढे तो १३ हजार कोटींपलीकडे गेला. हिऱ्यांचं जाऊ द्या. त्या शाखेत दोन संगणकीय यंत्रणा शेजारी-शेजारी चालत होत्या आणि त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या, ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते.

पहिली यंत्रणा कोअर बँकिंगची. ठेवी, कर्जं, दिलेल्या हमी, सगळ्याची नोंद तिथे. दुसरी स्विफ्ट, म्हणजे बँकांनी एकमेकींना अधिकृत निरोप धाडण्याची जागतिक सोय. स्विफ्टमधून पैसे जात नाहीत, शब्द जातो. पण त्या शब्दावर समोरची बँक पैसे मोकळे करते. आयातदारासाठी बँक २०१८ पर्यंत जी हमी द्यायची, ती 'एलओयू', अशीच स्विफ्टवरून जायची. दोन्ही यंत्रणा जोडलेल्या नसल्यामुळे एकच व्यवहार दोनदा टाइप करावा लागे. कोअर बँकिंगमध्ये तो टाइपच केला नाही, तर परदेशातल्या बँकेला पक्की हमी मिळे आणि आपल्या वहीत मात्र तिचा मागमूस नसे. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार वर्षानुवर्षं हेच चाललं. जुन्या हमीची मुदत भरली की नवी हमी काढून ती फेडायची, ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर.

उलगडा झाला तोही संगणकामुळे नव्हे. या हमी काढून देणारा अधिकारी निवृत्त झाला होता. जानेवारी २०१८ मध्ये मोदीच्या कंपन्यांची माणसं नेहमीसारखी हमी मागायला आली, तेव्हा नव्या अधिकाऱ्याने शंभर टक्के रोख मार्जिन, म्हणजे हमीइतकीच रोख रक्कम तारण, मागितलं. आजवर असं मार्जिन कधी लागलं नाही, असं उत्तर मिळालं. मग जुन्या नोंदी शोधल्या, तर त्या नव्हत्याच.

आता प्रश्न असा, की या दोन यंत्रणा जोडणं हे काम कोणाचं होतं? संगणक विभाग म्हणणार, मागणी आली असती तर जोडून दिलं असतं. परकीय चलन विभाग म्हणणार, ते तांत्रिक आहे. लेखापरीक्षक कोअर बँकिंगमधून निघालेली यादी तपासणार. जे यादीत नाही ते नमुन्यात कुठून येणार? प्रत्येकाचं टेबल स्वच्छ. घोटाळा राहत होता दोन टेबलांच्या मधल्या जागेत आणि ती जागा कोणाच्याच नावावर नव्हती. धोका अज्ञात होता असंही नाही. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या खात्यातून फेब्रुवारी २०१६ मध्ये खोट्या स्विफ्ट संदेशांनी ८ कोटी १० लाख डॉलर पळवले गेले होते. ऑगस्ट २०१६ पासून किमान तीनदा बँकांना सावध केल्याचं रिझर्व्ह बँकेने नंतर जाहीरही केलं. मोठ्या कार्यालयात अशा इशाऱ्यावर काय होतं हे तिथे नोकरी केलेल्यांना सांगायला नको. 'आवश्यक कार्यवाहीसाठी' असा शेरा पडतो आणि कागद पुढच्या टेबलावर जातो.

हाताने लिहिण्याच्या काळातले निवृत्त बँकवाले सांगतात, की डे-बुक टॅली झाल्याशिवाय घरी जाता येत नसे, दोन रुपयांच्या फरकासाठी रात्र व्हायची. त्यात थोडं स्मरणरंजन आहे. तेव्हाही बॅलन्सिंग महिनोन् महिने तुंबायचं आणि अफरातफरीही व्हायच्या. पण त्या आठवणींमुळे एक गोष्ट नीट कळते. जमा-नावेची जुळणी अर्धवट केलेली नोंद पकडते. मुळात न केलेली नोंद तिच्या हाती लागत नाही. ब्रॅडी हाऊसचा ताळेबंद रोज बिनचूक जुळत असणार. न केलेली नोंद पकडायची तर दुसऱ्याच कोणीतरी ठेवलेला हिशेब शेजारी मांडावा लागतो, म्हणजे पाठवलेल्या स्विफ्ट संदेशांची यादी, परदेशी बँकेत असलेल्या आपल्या खात्याचा (नॉस्ट्रोचा) उतारा. हे रिकन्सिलिएशनचं काम कंटाळवाणं, त्यात बढती नाही, म्हणून ते नव्या पोराकडे किंवा निवृत्तीला आलेल्याकडे जातं.

मेकर-चेकरचंही तसंच. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने मंजूर करायची. महिनाअखेर, काउंटरवर रांग, साहेब झोनल ऑफिसच्या मीटिंगला. निघताना ते पासवर्ड सांगून जातात. नाही म्हणणारा कनिष्ठ आगाऊ ठरतो आणि पासवर्ड न देणाऱ्या साहेबाला ऐकावं लागतं, "आमच्यावर विश्वास नाही का?" यात कोणीच चोर नसतो. मात्र ज्या दिवशी चोर येतो, त्या दिवशी दार उघडंच असतं.

म्हणून मला रिझर्व्ह बँकेचा २०२१ चा एक साधा नियम महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा मोलाचा वाटतो. संवेदनशील जागेवरच्या कर्मचाऱ्याला दर वर्षी, आधी न कळवता, सलग किमान दहा कामाच्या दिवसांच्या रजेवर पाठवायचं. त्या काळात कार्यालयीन ई-मेल सोडून कामाशी संबंधित काहीही त्याला उघडता येऊ नये. ज्या लबाडीला रोज हात लावावा लागतो, ती दहा दिवसांत उघडी पडते.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला तोही असाच मधल्या जागेत. एटीएमची विनंती 'स्विच' नावाच्या मधल्या यंत्रणेमार्फत कोअर बँकिंगकडे जाते आणि तिथून होकार-नकार येतो. चोरांनी मध्येच बनावट स्विच बसवला. विनंती मूळ यंत्रणेपर्यंत पोचलीच नाही, हा स्विच परस्पर 'मंजूर' म्हणत राहिला. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, दोन दिवसांनी स्विफ्टवरून आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. एकूण सुमारे ९४ कोटी. ग्राहकांची खाती मात्र जशीच्या तशी.

पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेची गोष्ट वेगळी. एका बांधकाम समूहाची कर्जं झाकायला तिथे हजारो बनावट खाती दाखवल्याचा आरोप झाला तो थेट वरिष्ठांवर. वरचाच खोटं बोलत असेल तर मेकर-चेकर काय करणार? तिथे ही चर्चा संपते.

बाकी ठिकाणी ती संपत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने माहिती तंत्रज्ञानाच्या कारभाराचे एकत्रित निर्देश काढले, ते एप्रिल २०२४ पासून लागू झाले. संचालक मंडळाच्या पातळीवर समिती हवी, तिचा अध्यक्ष तंत्रज्ञान जाणणारा स्वतंत्र संचालक हवा. माहिती-सुरक्षेचा प्रमुख तंत्रज्ञान प्रमुखाच्या हाताखाली नको आणि त्याला व्यवसायाचं टार्गेटही नको. हे शेवटचं कलम ज्याने लिहिलं त्याला कार्यालयं आतून माहीत असावीत.

हे निर्देश व्यापारी बँका आणि मोठ्या वित्तसंस्थांसाठी आहेत. नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची वेगळी, चार पायऱ्यांची चौकट २०१९ च्या अखेरीस आली. महाराष्ट्राला खरी चिंता इथली. तालुक्याच्या गावातली बँक स्वतःचं सॉफ्टवेअर बाळगत नाही, विक्रेत्याकडून भाड्याने घेते. संचालकांच्या सभेत विषय निघतो तो भाडं किती आणि शेजारच्या बँकेने कोणाचं घेतलं, इतकाच. न जुळलेल्या नोंदी किती, किती दिवसांच्या, प्रत्येकीपुढे कोणाचं नाव, हे इतिवृत्तात सहसा सापडत नाही. बऱ्याच ठिकाणी त्या जुळवणाराही विक्रेत्याचाच माणूस असतो, आणि तो आठवड्यातून एकदा येतो.