सातबाऱ्यावर नसलेला वारसा

वडिलांच्या महिन्याची मिस्सा होते न होते तोच आपल्या घरांत सातबाऱ्याचा विषय निघतो. वाडीतला कोणता तुकडा कोणाचा? बहिणी हक्कसोडपत्रावर सही करणार की नाही? एका ताटात जेवलेली भावंडे कोर्टात समोरासमोर उभी राहतात आणि रविवारी देवळात वेगवेगळ्या बाकांवर बसतात. जमीन आपल्याला सुरक्षित ठेवील असे आपण मानतो. पुष्कळदा तीच आपली झोप उडवते.

असा तंटा प्रभू येशूपुढेही आला होता. गर्दीतल्या एकाने भावाकडून वाटणी मिळवून देण्याची विनंती केली. प्रभूने पंच होण्यास नकार दिला आणि लोभापासून सावध केले. न्याय्य वाटा मागणे हा लोभ नव्हे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार, मृत्युपत्र नसेल तर आपल्या मुलाला आणि मुलीला सारखाच वाटा मिळतो. बहिणीचा हक्क बुडवून तिला क्षमेचे धडे देणे हा ख्रिस्ती धर्म नाही.

पण आपला खरा वारसा कोणता? संत पेत्राने आपले पहिले पत्र पंत, गलतिया, कप्पदुकिया अशा प्रांतांत विखुरलेल्या, उपऱ्यांसारखे राहणाऱ्या श्रद्धावंतांना लिहिले. त्यांना तो कधीही नाश न पावणाऱ्या वतनाची आठवण देतो. देव हे वतन स्वर्गात राखतो आणि इथे वारसदारांनाही राखतो. संत पौल तर पवित्र आत्म्याला या वतनाचा विसार म्हणतो. विसार देवाने दिला आहे. शब्द त्याचा आहे.

मग आपण कसेही वागलो तरी चालेल का? नाही. त्रेंतच्या विश्वपरिषदेने १५४७ साली दोन्ही गोष्टी सांगितल्या: देवाच्या साहाय्यावर दृढ आशा ठेवा, पण आपले तारण गृहीत धरू नका. देव आपला हात सोडत नाही. आपण मात्र तो झटकू शकतो.

उधळ्या पुत्राने आपली सारी वाटणी घालवली, तरी बापाने त्याला मुलगा म्हणूनच मिठी मारली. थोरल्याची वाटणी शाबूत होती. पण धाकट्याला ‘माझा भाऊ’ म्हणायला त्याची जीभ वळेना, म्हणून तो अंगणातच उभा राहिला. बाप त्यालाही समजवायला बाहेर आला. तो आत गेला की नाही, हे प्रभूने सांगितलेले नाही. ते उत्तर आपल्यावर सोपवले आहे.

आज मिस्सामध्ये शांतीची खूण देताना त्या दुसऱ्या बाकाकडे पाहू या. खटल्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. बोलणे मात्र आजच सुरू करता येईल.