मुलांच्या वतीने कौल कुणी द्यायचा?

स्कॉटलंडमध्ये दरवर्षी एका चित्रपुस्तकाला बक्षीस मिळतं आणि अखेरचा कौल देतात पाच-सहा वर्षांची मुलं. ‘स्कॉटिश बुक ट्रस्ट’च्या ‘बुकबग पिक्चर बुक प्राइज’साठी मोठी माणसं आधी तीन पुस्तकं निवडतात. पहिलीतल्या प्रत्येक मुलाला ती तिन्ही फुकट मिळतात, घरी न्यायला आणि कायमची ठेवायला. मुलं ती वाचतात, ऐकतात आणि आपलं आवडतं पुस्तक सांगतात. सगळ्या देशाच्या नावाने उभं राहणारं पुस्तक अशा रीतीने, अजून अक्षरं जुळवत असलेल्या मुलांच्या मतांवर ठरतं.

हा निर्णय मुलांवर सोडावा का? प्रश्न जुना आहे. आया आणि दायांनी मुलांना मान्यता मिळालेल्या गोष्टीच सांगाव्यात, असं प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये मांडलं. कोवळ्या मनावर उमटलेला ठसा पुसत नाही, ही त्याची धास्ती होती.

रूसो त्याहून पुढे गेला. १७६२च्या ‘एमिल’मध्ये तो कावळा आणि कोल्ह्याची गोष्ट घेतो, मराठी घरांतही इसापनीतीमुळे ती मुलांना तोंडपाठ असते. ला फाँतेनने फ्रेंच पद्यात रचलेली ही कथा रूसो ओळीओळीने तपासतो. स्तुतीला भुलू नये हा धडा मोठ्यांना दिसतो. मूल मात्र कावळ्याला हसतं आणि कोल्ह्यावर खूश होतं, कारण चीज त्यालाच मिळतं. निरीक्षण अचूक आहे. गोष्टीतून काय उचलायचं ते मूल ठरवतं, गोष्ट देणाऱ्याचा हेतू तिथे चालत नाही. पण त्यावर रूसोने सुचवलेला उपाय पटत नाही. आपल्या काल्पनिक शिष्याच्या हाती तो पुष्कळ काळ एकच पुस्तक ठेवतो, ‘रॉबिन्सन क्रूसो’. मूल आपल्या मर्जीने अर्थ लावतं हे ज्याने ओळखलं, त्यानेच त्या मुलासमोर एकच वाट ठेवावी, हे विचित्र आहे.

निवडणारा जाणकार आणि प्रेमळ असला तरी हा धोका टळत नाही. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या अॅन कॅरल मूर यांच्याइतकं मुलांसाठी झटणारं माणूस विरळा. मुलांना ग्रंथालयात फारसं कुणी उभं करत नसे, त्या काळात त्यांनी मुलांसाठी वेगळी दालनं उभी केली आणि गोष्टी सांगण्याचे कार्यक्रम सुरू केले. स्थलांतरितांच्या भाषांतली पुस्तकं आणली. वहीत सही करून पुस्तक नीट वापरण्याचं वचन देणाऱ्या मुलाला ते घरी नेऊ दिलं. मुलाच्या शब्दावर एवढा विश्वास! पण १९४७मध्ये ‘गुडनाइट मून’ हे चित्रपुस्तक आलं, ते त्यांना मुळीच आवडलं नाही. तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या, तरी त्यांच्या मताचा दबदबा कायम होता. हे पुस्तक त्या ग्रंथालयात आलं थेट १९७२मध्ये. मधल्या पंचवीस वर्षांत तिथे येणाऱ्या मुलांना ते नावडण्याचीही संधी मिळाली नाही.

२०२०मध्ये याच ग्रंथालयाने १२५ वर्षांत सर्वाधिक वेळा घरी नेलेल्या पुस्तकांची यादी काढली. पहिलं आलं एझ्रा जॅक कीट्स यांचं १९६२चं ‘द स्नोई डे’, ४,८५,५८३ वेळा नेलेलं. बर्फ पडलेल्या शहरात लाल डगला घालून फिरणारा पीटर हा कृष्णवर्णीय मुलगा. तो बर्फाचा गोळा खिशात घालून घरी येतो, गोळा वितळतो, त्याला वाईट वाटतं. कुणी त्याला उपदेश करत नाही. १९६५मध्ये नॅन्सी लॅरिक यांनी अमेरिकेतली पाच हजारांवर बालपुस्तकं तपासली, तेव्हा कृष्णवर्णीय पात्र असलेली पुस्तकं जेमतेम ६.७ टक्के निघाली. अशा दिवसांत हे पुस्तक कपाटात ठेवणाऱ्यांनीही निवडच केली होती, आणि ती मोलाची होती. नंतरचा कौल वर्षानुवर्षं वाचकांनी दिला.

म्हणून मोठ्यांनी निवडूच नये, असा निष्कर्ष काढता येत नाही. न निवडणं म्हणजे मुलाला जाहिरातदारांच्या हवाली करणं. स्कॉटलंडच्या पद्धतीत मोलाची गोष्ट मतदानाच्याही आधीची आहे: तिन्ही पुस्तकं मुलाच्या घरी जातात. वर्गातल्या एकट्याच मुलाला आवडलेलं पुस्तक हरलं तरी ते त्याच्याकडून कुणी परत मागत नाही. एखाद्या प्रदेशाचं पुस्तक निवडताना अल्पमतातल्या वाचकाचा इतका मान क्वचितच राखला जातो.

मात्र त्या तीन पुस्तकांची यादी मोठ्यांच्याच हातात राहते आणि खरी जबाबदारी तिथे आहे. तिन्ही पुस्तकांत एकाच प्रकारचं घर, एकाच प्रकारचा विनोद, शेवटी एकाच प्रकारची शहाणी शिकवण असेल, तर मतपत्रिका रंगीत छापूनही मुलांपुढे निवड उरत नाही. यादी करणाऱ्यांनी निदान एक पुस्तक असं घ्यावं, जे त्यांच्यातल्या काहींना अजिबात आवडलेलं नाही.