चोख माल

गेल्या पावसाळ्यात भोसरी एमआयडीसीतल्या एका गाळ्यात तासभर बसलो होतो. पत्र्यावर पावसाचा मारा, आत आटे पाडणाऱ्या मशीनचा एकसुरी ठेका. टेबलावर दोन गोष्टी होत्या. एक बोटाएवढा, जस्ताचा मुलामा दिलेला बोल्ट आणि त्या बोल्टविषयी ईमेलने आलेला एक तक्ता. बोल्टची लांबी, आटे, कडकपणा मालकांना तोंडपाठ होते. तक्त्यात त्यातले काहीच विचारलेले नव्हते. पोलाद कोणत्या कारखान्याचे? कोळशाच्या भट्टीतले की भंगार वितळवून केलेले? टनामागे वीज किती लागली? मालकांनी चष्मा कपाळावर चढवला. "तीस वर्षं पार्टी विचारायची, बोल्ट कसा आहे. आता विचारतात, झाला कसा. माल चोख असून भागत नाही."

चोख हा आपल्या व्यापारातला जुना शब्द. चोख सोने, चोख हिशेब, चोख व्यवहार. दूरदेशी माल पाठवायचा आणि तो व्यापार टिकवायचा, तर माल चोख हवा, हे कोणी कोणाला शिकवावे लागत नाही. मात्र चोख म्हणजे काय, याचे उत्तर दर दोन पिढ्यांनी बदलत आले आहे. पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा त्या बदलाची वहीच आहे.

वहीचे पहिले पान मात्र पुण्यातले. १८९० साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात औद्योगिक परिषद भरली आणि १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. कापूस जातो आणि कापड येते, कच्चा माल आपला आणि पक्का त्यांचा, शेतीवरचा भार वाढत जातो, ही त्यांची चिंता होती. त्यामागचा मुद्दा अधिक खोल होता. इंग्रज अर्थशास्त्री ज्याला सृष्टिनियम म्हणतात, तो त्यांच्या देशाच्या स्थितीतून निघालेला नियम आहे. पुढे गेलेल्याला सोयीचा नियम मागे राहिलेल्याला तसाच लावला, तर तो न्याय होत नाही. हे वाक्य मनात ठेवू, कारण सव्वाशे वर्षांनी ते पुन्हा कामाला येणार आहे. त्या काळी प्रश्न एवढाच होता की वस्तू कोण बनवतो. स्वदेशी ती चोख.

स्वातंत्र्यानंतर पिंपरीच्या माळावर या विचाराला विटा-सिमेंट मिळाले. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. परदेशातून येणारे पेनिसिलीन इथे तयार होऊ लागले. पुढे याच कंपनीत हॅमायसिन हे औषध सापडले. ते देणाऱ्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावातच पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, स्थापन झाले. आकुर्डीत बजाजची स्कूटर, पिंपरीत टाटांची टेल्को, चिंचवडला बेअरिंग, दापोडीला यंत्रे, आणि या सगळ्यांना लागणारे सुटे भाग करणारे भोसरीचे गाळे. १९८२ मध्ये इथे महानगरपालिकाही झाली.

त्या दिवसांत ग्राहक प्रश्न विचारत नसे, तो नंबर लावत असे. बजाजच्या चेतक स्कूटरसाठी लोकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. किती माल काढायचा हे दिल्लीतला परवाना ठरवी आणि निघेल तेवढा खपे. आयात-निर्बंधांच्या भिंतीआडचे हे दिवस हातांना काम देणारे होते, पण चोखपणाची परीक्षा घेणारे कोणी नव्हते. नदी, झाडे, धूर यांचा विचार कोणी केला तर तो स्वभावाने. टेल्कोच्या पुण्याच्या कारखान्यात कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी तळे केले आणि उजाड माळावर झाडे वाढवली, ती कोणत्याही खरेदीदाराने घातलेली अट म्हणून नव्हे.

१९९१ च्या उदारीकरणानंतर ती भिंत पडली आणि दूरचा ग्राहक दारात आला. आयएसओ ९००० हे मानक १९८७ चे, पण भोसरीत त्याची पाटी प्रवेशद्वारावर लागू लागली ती या दशकात. नवा शब्द आला, पीपीएम. दहा लाख नगांमागे खराब किती? 'थोडंफार चालतं' हे वाक्य ज्या भागात सर्वांत जास्त ऐकू येई, तिथेच ते आधी बंद झाले. लेथवरचा पोरगा सुपरवायझरची वाट न पाहता स्वतः गेज लावून बघू लागला. चाकणच्या कांद्याच्या शेजारी मोटारी पिकू लागल्या. बजाजचा चाकण कारखाना १९९९ चा, मर्सिडीज आणि फोक्सवॅगन २००९ चे. पुढे ऑस्ट्रियाच्या केटीएमची आणि इंग्लंडच्या ट्रायम्फची मोटरसायकल इथून निघू लागली. जिथे रानड्यांना कच्चा माल बाहेर जाताना दिसला होता, तिथून पक्का माल बाहेर जाऊ लागला, तोही युरोपच्या नावाने. आता चोख म्हणजे निर्दोष.

पण निर्दोष माल म्हणजे टिकाऊ व्यापार नव्हे, हेही याच पट्ट्याने पाहिले. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ मध्ये कंपनीने भारतातली विक्री थांबवली, तरी गाड्या बनतच राहिल्या, मेक्सिकोसाठी. २०२० च्या डिसेंबरात तेही थांबले. गाड्यांमध्ये खोट नव्हती. फक्त निर्णय दुसऱ्या खंडात झाला. चाकणच्या शेतकऱ्याला याचे नवल वाटले नसेल. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात एका अधिसूचनेने बंद झाली आणि मे २०२४ मध्ये किमान भाव आणि चाळीस टक्के शुल्क लावून उघडली. कांदा तोच होता. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मृदा चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली आणि विजेवरच्या दुचाकींचे उत्पादन अडखळले. ज्या चेतकसाठी कधी दिल्लीच्या परवान्याकडे डोळे लागत, तिच्या नव्या अवताराला बीजिंगच्या परवान्याची वाट पाहावी लागली.

इकडे आपण पीपीएम मोजत होतो तेव्हा जगात दुसराच वाद पेटला होता. १९९२ ची रिओची पर्यावरण परिषद झाली आणि १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली. तिच्या करारनाम्याच्या प्रस्तावनेतच शाश्वत विकासाचा उल्लेख आहे. पण व्यापाराचा जुना कायदा वस्तू पाहत असे, तिची जन्मकथा नाही. कोळंबी ती कोळंबी. अमेरिकेने म्हटले, ज्या जाळ्यांत समुद्री कासवे मरतात त्या जाळ्यांची कोळंबी आम्ही घेणार नाही. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड याविरुद्ध उभे राहिले. संघटनेच्या १९९८ च्या निकालात अमेरिकेच्या अंमलबजावणीतला भेदभाव चुकीचा ठरला, पण कासवे वाचवण्याचा हेतू व्यापाराच्या कायद्यात बसतो, हे मान्य झाले. त्या निकालाने एक फट उघडली. माल कसा झाला, हा प्रश्न त्या फटीतून आत आला.

तोच प्रश्न आज भोसरीच्या टेबलावर आहे. युरोपीय संघाच्या कार्बन सीमाकराचे, म्हणजे सीबॅमचे, माहिती देण्याचे पर्व ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाले आणि १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचे. सिमेंट, लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, खते, हायड्रोजन आणि वीज या यादीत आहेत. पोलादाच्या रकान्यात नट-बोल्टही आहेत. गंमत अशी की सुटा गेलेला बोल्ट मोजला जातो आणि मोटरसायकलला लागून गेलेला तोच बोल्ट आज मोजला जात नाही. यादी वाढवण्याचा प्रस्ताव आलेलाच आहे. पैसे भरतो युरोपातला आयातदार, पण हिशेब मागतो इथल्या गाळ्याकडे. खरा आकडा दिला नाही तर ठरवून दिलेला आकडा धरतात आणि तो सहसा अंगावर येतो.

इथे रानड्यांचे वाक्य परत येते. कोळसा जाळून आधी श्रीमंत झालेल्यांनी आत्ता कुठे उभे राहणाऱ्याला तोच नियम लावावा का? भारताने हा आक्षेप अनेकदा नोंदवला आहे आणि रिओच्या जाहीरनाम्यातले, जबाबदारी सर्वांची पण सारखी नव्हे, हे तत्त्व त्यामागे आहे. आक्षेप खरा आहे. बोल्टचा बहुतेक कार्बन गाळ्यातला नसतोच. तो पोलादाबरोबर येतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली, ती टनामागे २.२ टन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कमी अशी. एक गाळेवाला कोणत्या पोलाद कारखान्याला भट्टी बदलायला सांगणार? चूक भट्टीची आणि कागद त्याच्या गळ्यात.

तरीही मला हा आक्षेप अर्धाच वाटतो. स्वदेशीच्या नावाखाली आपण एकदा ग्राहकाच्या प्रश्नांपासून सुटका करून घेतली होती, त्याची किंमत ठाऊक आहे. कार्बनची किंमत मालाच्या मूळ देशात भरली असेल, तर युरोप ती आपल्या करातून वजा करतो. म्हणजे आपला कार्बन बाजार, ज्याची योजना २०२३ मध्ये जाहीर झाली, नीट उभा राहिला तर तो पैसा ब्रसेल्सऐवजी इथे राहील आणि इथल्या भट्ट्या बदलायला वापरता येईल. मोजमापाचा खर्च दहा गाळ्यांनी वाटून घेता येतो. पीपीएम शिकवायला मोठ्या कंपन्यांनी आपली माणसे गाळ्यांत पाठवली होती, तशीच यासाठीही पाठवता येतील. आणि भंगार? भंगार वितळवून केलेल्या पोलादाचा कार्बन खूप कमी. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडीतली भंगाराची गोदामे पाडली. तिथली बेशिस्त खरी होती, पण ज्याला जग आज कच्चा माल म्हणते, त्याला शहराच्या नकाशात शिस्तीची जागा देणे हेही काम होते.

या सगळ्याहून मोठी अडचण मला त्या तक्त्यातच दिसली. मी मालकांना विचारले, जस्ताचा मुलामा इथेच देता का? नाही, तो बाहेर, चिखलीकडे. मग त्या कामाचे पाणी कुठे जाते? त्यांनी तक्ता खालपर्यंत वाचला, वर पाहिले आणि सरळपणे म्हणाले, "ते ह्यात विचारलेलं नाही."

नाही विचारलेले. विचारणारही नाहीत. धूर युरोपच्या आकाशात पोचतो म्हणून त्याला रकाना मिळाला. मुलाम्याच्या हौदातले पाणी तिकडे पोचत नाही. दूरच्या ग्राहकाने लावलेली शाश्वततेची अट त्याच्या काळजीएवढीच लांब असते, हा त्याचा दोष नाही, ती ग्राहकपणाची मर्यादा आहे. आपली चूक अशी की, पाऊणशे वर्षे आपण चोखपणाची व्याख्या समोरून येण्याची वाट पाहत आलो. परवान्याने सांगितली तशी, मग गेजने, आता तक्त्याने. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो, त्यात घरांचे सांडपाणी आहे आणि कारखान्यांचेही. त्याचा जाब विचारणारा खरेदीदार नाही. विचारणारे आहेत ते फक्त तिथे तीर्थ घेणारे, आणि ते ऑर्डर देत नाहीत.

बोल्टची पेटी न्हावा शेव्यातून निघून हॅम्बुर्गला पोचायला आठवडे लागतात. चिखलीचे पाणी आळंदीला जवळजवळ लगेच पोचते. तिथून तुळापूरला भीमेत आणि भीमेतून, उजनीमार्गे, पंढरपूरला. निघताना मालकांनी बोल्ट माझ्या हातावर ठेवला. थंड, गुळगुळीत, कुठे धातूची कूस नाही, आटे एकसारखे. त्यांनी तक्ता पुन्हा पुढे ओढला आणि पेन घेऊन शेवटच्या ओळीखाली, जिथे काहीच छापलेले नव्हते, तिथे स्वतःसाठी एक नोंद केली: प्लेटिंगवाल्याला विचारणे, पाणी.