वहिवाट देहाची

गेल्या ज्येष्ठात वाशीमच्या एका जुन्या आळीतील वृद्ध गृहस्थांच्या अंत्ययात्रेत तिरडीला खांदा देण्याचा प्रसंग माझ्यावर आला, आणि मोक्षधामाच्या वाटेवर जेमतेम शंभर पावले टाकली असतील-नसतील, तोच माझा खांदा असा भरून आला आणि गुडघे असे लटपटू लागले, की मागून येणाऱ्या बाजार समितीतल्या एका हमालाने काही न बोलता पुढे होऊन बांबू आपल्या खांद्यावर घेतला. पुढे विसाव्यापर्यंत मी रिकाम्या हाताने चाललो. देह नश्वर आहे, ही गोष्ट त्या वाटेवर कोणाला सांगावी लागत नाही. परंतु त्या नश्वर देहाला शेवटच्या ठिकाणी पोहोचवण्यासही चार बळकट खांदे लागतात, हे मात्र महसुली दप्तरात वीस वर्षे बसून काढलेल्या मला त्या दिवशी प्रथमच उमगले.

जो देह एक दिवस टाकायचाच आहे, तो कमावण्यात धर्म कोणता, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. देहबुद्धी सुटावी म्हणून संतांना जो कळवळा आला तो खरा होता. आरशापुढे उभे राहून दंडाच्या बेटकुळ्या न्याहाळणाऱ्याला त्यांचा इशारा आजही तंतोतंत लागू पडतो. आपल्या बचावासाठी व्यायामप्रेमी मंडळी मुंडकोपनिषदाचा आधार घेतात, कारण बलहीनाला आत्मा लाभत नाही असे तेथे म्हटले आहे. पण शंकराचार्यांनी त्या बलाचा अर्थ आत्मनिष्ठेतून उत्पन्न होणारे वीर्य असा केला आहे, आणि तो अर्थ बाजूला सारून ते वचन तालमीच्या भिंतीवर रंगवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला जवळच सापडले. आमच्याच जिल्ह्यात कारंजा आणि शिरपूर ही जैनांची दोन जुनी क्षेत्रे आहेत. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनास दूरदूरचे यात्रेकरू येतात. देहाच्या ममतेचा त्याग ज्या दर्शनाने पराकोटीला नेला, त्याच दर्शनाच्या तत्त्वार्थसूत्रात, नवव्या अध्यायात, ध्यानाची व्याख्या करताना उमास्वातींनी एक अट घातली आहे : एकाग्र चिंतन हे उत्तम संहननाच्या पुरुषाचे काम आहे. संहनन म्हणजे हाडांची आणि सांध्यांची घडण. देह विसरून निश्चल उभे राहणे याला जैन कायोत्सर्ग म्हणतात, आणि वर्षभर तसा उभा राहिला अशी ज्याची कथा सांगतात त्याचे नावच बाहुबली आहे. इकडे पतंजलीने योगसूत्रांच्या विभूतिपादात कायसंपदा सांगताना रूप, लावण्य आणि बल यांच्या जोडीला वज्रसंहननत्व ठेवले. एकमेकांशी वाद घालणारी दोन दर्शने एकाच शब्दापाशी यावीत, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो : देहाचा त्याग करायलाही आधी देह उभा राहावा लागतो.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर देहाची मालकी आपली नव्हे, वहिवाट तेवढी आपली आहे. आणि ज्याच्याकडे वहिवाट आहे त्याने जमीन पडीत टाकली, तर तिच्यात हरळी आणि कुंदा माजतो, हे आमच्या सोयाबीन-तुरीच्या मुलखात कोणाला समजावून द्यावे लागत नाही. स्नायूंचेही तसेच आहे. तिशी-पस्तिशीनंतर, त्यांना जड काम मिळाले नाही, तर ते वर्षागणिक झिजत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे.

आणि हे किती करावे? शरीर हे धर्माचे पहिले साधन, हे वचन आपण शाळेच्या भिंतीवर वाचत आलो; ते कोण कोणाला म्हणतो हे मात्र विसरलो. कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात तपाने कृश झालेल्या पार्वतीला बटुवेषातील शंकर समिधा-कुश सहज मिळतात ना, स्नानाजोगे पाणी आहे ना, अशी विचारपूस करतो आणि मग विचारतो, तप आपल्या शक्तीच्या बेताने करतेस ना? सुश्रुताने तर मापच दिले : आपल्या बळाच्या अर्ध्याने व्यायाम करावा. अंग मोडून येईपर्यंत रेटणे हे शौर्य नव्हे. आजचे जाणते शिक्षकही आणखी दोन-तीन आवर्तने सहज झाली असती अशा ठिकाणी नवशिक्याला थांबवतात.

त्या अंत्ययात्रेनंतर मी घरीच व्यायामाला आरंभ केला. साधन म्हणजे भिंत, पाट, खाट आणि पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन. पहिल्या दिवशी जमिनीवरचा एक जोरही माझ्याच्याने निघाला नाही. छाती खाली गेली ती तिथेच राहिली. मग भिंतीवर तळवे टेकून, पाय हातभर मागे घेऊन जोर काढले. ते बारा-पंधरा सहज होऊ लागल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्यावर, नंतर पाटावर आणि सरतेशेवटी जमिनीवर आलो. बैठकांचाही क्रम असाच : आधी खाटेवर बसून हातांचा आधार न घेता उठणे, मग मोकळ्या बैठका. कॅन प्रथम चौथाईच भरायचा, कंबरेतून न वाकता मांड्यांच्या बळावर उचलायचा, अंगणातून चार फेऱ्या घालायच्या. दर पंधरवड्याला दोन लिटर पाणी वाढवायचे. श्वास कोंडायचा नाही. आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटे, मध्ये एकेक दिवस विसावा. कचेरीची वेळ, बाजारहाट, मुलांचा अभ्यास, यांतले काही त्यासाठी बुडाले नाही. ज्यांना हृदयविकार किंवा रक्तदाब आहे त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

पहिला महिना-दीड महिना आरशात काही दिसत नाही. तरी जोर वाढतात, कारण वाढते ते आधी मज्जातंतूंचे कसब. असलेल्या स्नायूंना कामावर बोलावणे ते शिकतात. याच काळात पुष्कळांचा धीर सुटतो. पतंजलीने अभ्यास दृढ होण्यास दीर्घकाळ, अखंडपणा आणि सत्कार अशा तीन गोष्टी लागतात असे म्हटले आहे. त्यांतील सत्कार, म्हणजे आदर, आपण अगदीच विसरतो. दिवा लावून करावयाच्या कर्मासारखे हे कर्म मी करतो, आणि ते व्रत आहे असे मानण्यात मला संकोच वाटत नाही.

अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभे आहे, गावोगावच्या तालमींत मारुती आहे. ज्याला तेथे जाता येते त्याने अवश्य जावे. पण तालमीच्या हौदाची माती आमच्या बायकांच्या पायांना क्वचितच लागली, आणि म्हातारपणी हाडे ठिसूळ होऊन पडण्याचे भय तर त्यांनाच अधिक. घरातली भिंत कोणाला मज्जाव करीत नाही. वाचकहो, उद्या पहाटे चहाचे आधण चढवल्यावर घरातील सगळ्यांनीच त्या भिंतीपाशी उभे राहा. दहा जोर काढा, खाटेवरून दहा वेळा उठा, आणि दमण्याआधी थांबा.